फाइलीवर नाव ह्यांचं

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात काढलेली माझी फाइल अडीच वर्षांत दोन बोटं जाड झाली होती. दवाखान्यातल्या प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गंडन हेसरू हेळ्री." नवऱ्याचं नाव सांगा. माझं कन्नड मोडकंतोडकं, पण हे एवढं वाक्य मला झोपेतही कळलं असतं. मी नाव सांगायचे, नर्स कव्हरवर लिहायची. फाइलीवर नाव ह्यांचं, आत पानं सगळी माझी. माझं रक्त, माझी सोनोग्राफी, माझ्या नळ्यांचा एक्स-रे. ह्यांच्या तपासणीचा एकही कागद त्यात नव्हता, आणि हे चुकतंय असं अडीच वर्षांत ना मला ठामपणे वाटलं, ना कुणी सांगितलं.

आमची मुलगी आता बालवाडीत जाते. मन आता शांत आहे, म्हणून हे लिहायला जमतंय.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावजवळ, येळ्ळूरच्या अलीकडे. दारात उभं राहिलं की राजहंसगड दिसतो. लग्न मे 2014 मध्ये झालं तेव्हा मी 26 वर्षांची, हे 30 चे. हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत कामाला, थोडी शेती, त्यात बासमती. पहिलं वर्ष कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी पंचमीला माहेरी गेले तेव्हापासून सुरू झालं, "काय गे, अजून काय न्हाई?" मग डोहाळजेवणाची बोलावणी येईनाशी झाली. सरळ कुणी म्हणत नव्हतं, पण मी ओटी भरायला पुढं झाले की ताट हळूच दुसऱ्या बाईच्या हातात जायचं.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मनानं चांगल्या. त्यांनी मला सौंदत्तीला नेलं, रेणुकेची उडी, म्हणजे ओटी भरली, घरी तिच्या नावानं पडली (परडी) भरली. मी ते मनापासून केलं आणि अजूनही मानते. वाईट एवढ्याचंच वाटतं की एक नवस फेडून दुसरा बोलायच्या मधल्या महिन्यांत आम्ही दवाखान्याची पायरी चढू शकलो असतो. देवीनं कधी आडकाठी केली नव्हती.

पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले ते 2016 च्या शेवटी. मी आणि आत्या. हे कामाच्या पाळीवर होते. माझी मासिक पाळी नियमित, 28-30 दिवसांची. सोनोग्राफी झाली, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ह्या हार्मोनच्या तपासण्या झाल्या, मग नळ्या तपासायचा एचएसजी. हा एक्स-रे पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात. गर्भपिशवीच्या तोंडातून औषध आत सोडतात आणि ते दोन्ही नळ्यांतून पुढं पोटात सांडतं का ते पडद्यावर बघतात. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. औषध आत गेलं तेव्हा पाळीच्या पहिल्या दिवसाची कळ दसपट होऊन आली, मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. दोन-तीन मिनिटांत संपलं. रिपोर्टमध्ये दोन्ही नळ्या मोकळ्या होत्या. आधी अर्धा तास दुखण्यावरची एक गोळी घेता येते हे मला फार नंतर कळलं. ज्या बाईला एचएसजीला जायचंय तिनं हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं.

सगळं नॉर्मल निघालं तरी मला अंडं वाढवायच्या गोळ्या सुरू झाल्या. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळी, दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी. ह्याला फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. अंड्याची पिशवी 18-20 मिलिमीटरची झाली की इंजेक्शन, आणि साधारण 36 तासांनी अंडं फुटतं. माझी अंडी गोळ्यांच्या आधीही फुटत होती. तरी सहा महिने तेच. "मिस्टरांची एक तपासणी करायची का?" असं मी एकदा विचारलं. "ते नंतर बघू," एवढंच उत्तर मिळालं. मग दवाखाना बदलला. तिथं पुन्हा पहिल्यापासून माझं रक्त. त्या दुसऱ्या ठिकाणीही ह्यांना कुणी बोलावलं नाही. घरी तर विषयच नव्हता. पन्नास किलोचं भाताचं पोतं एकटे उचलून ट्रॅक्टरवर टाकणाऱ्या माणसात काय कमी असणार, असं सगळ्यांना वाटायचं, आणि खरं सांगते, मलाही वाटायचं.

2019 च्या जूनमध्ये मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले. बाई होत्या, मराठी-कन्नड दोन्ही बोलायच्या. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली, मिटली आणि म्हणाल्या, "मिस्टर कुठायत?" मी म्हटलं, कामाला. "मग त्यांची सुट्टी असेल तेव्हा या. दोघं आल्याशिवाय मी गोळी लिहिणार नाही."

ह्यांच्या पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं गेलो. बाईंनी अर्धा तास ह्यांनाच विचारलं. लहानपणी गालगुंड झाले होते का, तेव्हा खाली सूज आली होती का. लहानपणी तिथलं काही ऑपरेशन झालंय का. तंबाखू, मावा किती. ताकदीची कसली इंजेक्शनं घेतलीत का. जिममधली काही पोरं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात आणि त्यानं शुक्राणू तयार व्हायचेच थांबतात, हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. रात्रपाळी किती. आणि मग, "काम नेमकं कुठं?"

"फाउंड्रीत."

"कुठल्या खात्यात?"

"फर्नेसवर. लोखंड वितळवून लॅडलमध्ये घ्यायचं, साच्यात ओतायचं."

"किती वर्षं?"

"अकरा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावून सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. पुरुषाच्या वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी उष्णता लागते, म्हणूनच निसर्गानं ती शरीराबाहेर ठेवलीत. आठ-आठ तास भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं तर शुक्राणू तयार व्हायला जो थंडावा लागतो तो मिळत नाही. प्रत्येक भट्टीवाल्याला त्रास होतो असं नाही, पण बघायला हवं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत सापडतं. आणि ताकद, मिशी, शरीरसंबंध ह्यातलं काहीही बघून शुक्राणू कळत नाहीत. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात.

तपासणी अगदी साधी. दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, मग नमुना लॅबच्या बाटलीत द्यायचा. लॅबमधल्या त्या खोलीत ह्यांना जमेना. दार पातळ, बाहेर बाकावर बायका बसलेल्या. हे घामाघूम होऊन तसेच परत आले. मग लॅबवाल्यानं सांगितलं, घरून आणा, पण अर्ध्या तासात, फार तर तासाभरात इथं पोचला पाहिजे. बाटली अंगाशी ठेवा, गार होऊ देऊ नका, उन्हात नको. साबण, तेल, निरोध काही वापरू नका, आणि थोडा जरी सांडला तरी तसं सांगा.

जुलैचा दुसरा आठवडा होता. बेळगावचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. ह्यांनी बाटली रुमालात गुंडाळून बनियनच्या आत ठेवली, वर शर्ट, वर रेनकोट. मी मागं बसले. रस्त्याला पाणी, गाडी तिसाच्या पुढं जाईना. लॅब रेल्वेलाइनीच्या पलीकडे. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाला आलो आणि गेट पडलं. आम्ही घरातून निघून पंचवीस मिनिटं झाली होती. हे एका हातानं हँडल धरून दुसरा हात छातीवर ठेवून उभे. मी मागून घड्याळ बघतेय. मालगाडी आली, ती संपता संपेना. तीस. तेहतीस. अडीच वर्षांत मी किती वेळा एकटी अशी रांगेत, बाकावर, टेबलावर वाट बघत होते ते त्या गेटापाशी मला आठवलं. पण त्या दिवशी हे माझ्यापुढं बसले होते, आणि त्यांच्या पाठीवरून पाणी माझ्या हातांवर गळत होतं. गेट उघडलं. एकेचाळिसाव्या मिनिटाला बाटली खिडकीत दिली.

तपासणीला 400 रुपये लागले. तोवर माझ्या तपासण्या-गोळ्यांत लाखाच्या वर गेले होते.

रिपोर्ट आला. एक मिलिलिटरमध्ये 60 लाख शुक्राणू. ऐकायला आकडा केवढा मोठा वाटतो. पण शेजारच्या रकान्यात छापलेली किमान मर्यादा होती दीड कोटी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये ती 1 कोटी 60 लाख केली. हालचाल करणारे हवेत 40 टक्क्यांच्या वर, होते 22. खाली लांबलचक नाव लिहिलं होतं, ऑलिगोअस्थेनोझूस्पर्मिया. म्हणजे संख्या कमी आणि हालचाल मंद. बाई म्हणाल्या, एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही, पुन्हा करू. दुसराही तसाच आला.

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. मी काही बोलले नाही. आत्या पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या. हे जाऊन त्यांच्या समोर बसले आणि म्हणाले, "आई, दोष माझ्यात हाय. हिच्यात काय न्हाई." सूप थांबलं. मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर डॉक्टरला शिव्या देतील. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला आणि विचारलं, "औषध हाय न्हवं त्याला?"

त्यानंतर गावात मला कोण काय बोललं ते आत्यांनी परस्पर निस्तरलं. कसं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

बाईंनी कोल्हापूरच्या एका युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे पुरुषांचे असले आजार बघणाऱ्या डॉक्टरकडे, चिठ्ठी दिली. ऑगस्टची तारीख मिळाली आणि त्याच आठवड्यात महापूर आला. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर, पुढं कोल्हापूरच पाण्यात. तारीख गेली सप्टेंबरवर. तिथं ह्यांना उभं करून तपासलं. डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या होत्या. पायाच्या पोटरीतल्या शिरा फुगतात ना, तशाच ह्या. त्याला व्हेरिकोसील म्हणतात. तिथं रक्त तुंबतं आणि पुन्हा उष्णताच वाढते. म्हणजे आतून एक भट्टी आणि बाहेरून एक. ऑक्टोबरमध्ये छोटं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी आलो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळं फरक दिसायला तीन ते सहा महिने थांबावं लागेल असं सांगितलं होतं. ह्या अडीच महिन्यांच्या हिशोबाची माहिती नसल्यामुळं कितीतरी लोक पंधरा दिवसांत औषध बदलतात.

फर्नेसवरून बदली मिळवणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. सुपरवायझरला कारण काय सांगायचं? शेवटी ह्यांनी पाठीचं दुखणं सांगून डिस्पॅच खात्यात जागा घेतली. ओव्हरटाइम गेला, महिन्याला साडेतीन हजार कमी झाले. मावा मात्र एका दिवसात सोडला.

जानेवारीत 90 लाख. मार्चमध्ये कोल्हापूरला परत दाखवायचं होतं तर लॉकडाउन लागला. पुढं कितीतरी महिने महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर पास आणि तपासणी. फाउंड्री बंद, हे घरी. सप्टेंबर 2020 मध्ये बेळगावातच तपासलं, 1 कोटी 80 लाख, हालचाल 36 टक्के. ऑपरेशनमुळं झालं, भट्टी सुटल्यामुळं झालं की मावा सुटल्यामुळं, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही. त्यांनी तसं स्पष्ट कबूल केलं, आणि त्यामुळंच माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

मी तोवर 32 ची झाले होते. बाई म्हणाल्या, आता आययूआय करून बघू. शुक्राणू लॅबमध्ये धुऊन, त्यातले चपळ निवडून, अंडं फुटायच्या वेळी बारीक नळीनं थेट गर्भपिशवीत सोडतात. दुखत नाही, पाच मिनिटांचं काम. एका वेळी शंभरातल्या दहा-पंधरा जोडप्यांनाच यश येतं, हे त्यांनी आधीच सांगितलं. नोव्हेंबरचं फुकट गेलं. जानेवारी 2021 मध्ये दिवस राहिले. ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली.

आता लोक मला विचारायला येतात, बहुतेक बायका, मागच्या दारानं. त्यांना मी पहिलं हे सांगते की किती थांबायचं ह्याला हिशोब आहे. कुठलंही साधन न वापरता, नियमित संबंध ठेवून एक वर्ष झालं आणि दिवस राहिले नाहीत तर जायचं. बाईचं वय 35 च्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच. चाळिशी गाठली असेल तर थांबायचंच नाही, कारण अंडी जन्मापासून मोजकी असतात आणि पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि दर्जा दोन्ही भराभर उतरतात. काहींनी तर वर्षही मोजत बसू नये. पाळी दोन-दोन महिने येत नाही, किंवा पाळीत दर वेळी अंथरूण धरावं लागतं, कधी टीबी झाला होता, अपेंडिक्स फुटलं होतं, दोन गर्भ पडलेत, किंवा नवऱ्याला लहानपणी गालगुंडात खाली सूज आली होती. ह्यातलं काही असेल तर लगेच. टीबीचं तर मुद्दाम सांगते. फुप्फुसाचा बरा झाला तरी तो नळ्यांत लपून त्या बंद करू शकतो, आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे.

दुसरं, वर्ष म्हणजे एकत्र राहिलेले महिने. आमच्या गल्लीतली एक पोरगी लग्नाला तीन वर्षं झाली म्हणून रडत आली. नवरा लष्करात. मी तिला बसवून सुट्ट्या मोजायला लावल्या. तीन वर्षांत दोघं मिळून जेमतेम पाच महिने एका घरात, त्यातही अंड्याच्या दिवसांत किती कोण जाणे. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात, अंडं मात्र जास्तीत जास्त एक दिवस. अंडं फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि फुटायचा दिवस, एवढीच संधी असते. चौदाव्या दिवसाची वाट न बघता पाळीनंतर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवला तर हुकत नाही. तिला गोळीची नव्हे, सुट्टीच्या तारखांची गरज होती.

आणि जिला टेस्ट ट्यूब बेबीचा सल्ला मिळालाय तिनं त्या केंद्राची नोंदणी विचारावी. 2021 च्या कायद्यानं प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. सही करायचा कागद कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, कुणाकडून तरी वाचून घ्यावा. मी अडीच वर्षं न वाचता सह्या केल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी ह्यातून जावं लागतं. मग एवढ्या मोठ्या गावात मी एकटी कशी असेन? बाकीच्या सगळ्या कुठल्या तरी मागच्या दारानं चालल्या होत्या, एवढंच.

गेल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ खानापूरहून आला. लग्नाला चौदा महिने झालेत, वहिनी 34 ची. वहिनीची सोनोग्राफी कुठं करू, असं विचारत होता. मी म्हटलं, आधी तुझी बाटली. तो लाजला, मग आमच्या ह्यांच्याकडे बघायला लागला. हे मुलीचे बूट पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "त्यात काय लाजायचं? आदल्या रात्री इथंच मुक्कामाला ये. सकाळी बाटली बनियनच्या आत ठेव, बाहेरच्या खिशात नको. आणि दुसऱ्या गेटानं जाऊ नको, कपिलेश्वरच्या पुलावरून जा. लांब पडंल, पण थांबावं लागणार न्हाई."